तारेला लागतो तेवढाच जोर

तालुक्याच्या गावातल्या एका वाद्यवृंदात एकदा एका तरुण बेस गिटारवादकाचा हात दुखू लागला. गोष्ट एवढीच आहे. पण तो का दुखतो हे कळायला त्याला डॉक्टरांच्या जोडीने आणखी एका शहाण्या माणसाकडे जावं लागलं, म्हणून ती सांगायची.

बेस गिटार म्हणजे जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. ती वाजवणाऱ्याचं नशीब मोठं विचित्र असतं. गायिकेला टाळ्या, ढोलकीवाल्याला शिट्ट्या, बासरीवाल्याला वाहवा, आणि हा आपला कोपऱ्यात उभा. कार्यक्रम संपल्यावर सख्खी आत्या येऊन विचारते, "छान दिसत होतास रे, पण तू वाजवत काय होतास?" असल्या कौतुकाने कोणाचाही चेहरा उतरेल. त्यात वाद्यवृंदाचे मालक एकदा तालमीत सहज म्हणून गेले, "बेसचं काय एवढं! कीबोर्डवाला डाव्या हाताने भागवेल की." मालक ते बोलून विसरले. तरुणाच्या मनात मात्र ते रुतून बसलं.

त्या दिवसापासून तो तारांवर तुटून पडला. शेजारी ड्रम्सचा दणदणाट. त्यात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, की हा उजव्या हाताने तार आणखी ओरबाडायचा आणि डाव्या हाताने गिटारीची मान अशी आवळायचा, की ती जणू पळूनच जाणार होती. डावं मनगट दुखू लागलं तेव्हा त्याला आधी बरंच वाटलं. रियाज अंगी लागतोय, अशी त्याची समजूत. पुढे सकाळी उठल्यावर बोटांना मुंग्या येऊ लागल्या. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. एकदा तर भरलेला कप हातातून निसटला. डॉक्टरीणबाईंनी हात तपासून स्पष्ट सांगितलं, की आता विश्रांती, मग सांगेन ते व्यायाम; आणि हे असंच चालू ठेवलंस, तर वाजवणं कायमचं सुटेल.

तेव्हा मात्र तो घाबरला. दिवाळी तोंडावर आली होती. विश्रांती घ्यावी तर जागा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे जाणार, न घ्यावी तर वाद्यच सुटणार. या विवंचनेत तो आपल्या गुरूंकडे गेला. उभी हयात बेस वाजवलेले हे मास्तर आता थकले होते, पण स्वभाव अजून खट्याळ होता. त्यांनी शिष्याचा हात कोपरापासून बोटांपर्यंत हलकेच दाबून पाहिला.

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"विश्रांती घे म्हणाल्या."

"मग घेतलीस?"

"मास्तर, दिवाळी पहाट आठवड्यावर आली. आणि थोडं सोसल्याशिवाय हात तयार होत नाही, असं सगळेच म्हणतात ना?"

"सगळे म्हणजे कोण? ज्यांचे हात दुखतायत तेच ना?" मास्तर हसले. "हे बघ, दिवाळी पहाटेला मी वाजवतो. मालकांशी मी बोलतो. तू तुझी गिटार मला द्यायची आणि रंगमंचाच्या पायऱ्यांशी, लोकांकडे तोंड करून बसायचं. गाणं ऐकायचं नाही. माझ्याकडे बघायचं नाही. फक्त लोकांची पावलं बघायची."

"पावलं?"

"हो, पावलं. सणाच्या नव्या चपला असतात, बघायला बरं वाटतं."

शिष्य मनातून दुखावला. एक तर जागा गेली, वर ही चेष्टा! पण मास्तरांपुढे बोलण्याची त्याची छाती नव्हती.

दिवाळी पहाटेला शाळेचं पटांगण भरून गेलं. उटण्याचा वास, रेशमी साड्यांची सळसळ, कोणाच्या हातात वाफाळता चहा. मास्तर आले, त्यांनी शिष्याची गिटार घेतली आणि पहिल्यांदा तिचा पट्टा आखूड केला. हा ती ऐटीसाठी पार मांडीपर्यंत लोंबती ठेवत असे. मास्तरांनी ती पोटाशी आणली, म्हणजे मनगट वाकडं व्हायला नको. मग जमिनीवरचा अँप्लिफायर त्यांनी उचलवून खुर्चीवर ठेवला, त्याचं तोंड स्वतःच्या कानाकडे वळवलं आणि शांतपणे आवाजाचं बटण फिरवलं. वाजवायला लागले तेव्हा त्यांची बोटं, मळून झालेल्या कणकेवरून शेवटचा हात फिरवावा, तशी हलत होती. हे सगळं शिष्याने चोरून पाहिलं. मग आज्ञा आठवून तो पावलांकडे वळला.

पावलं खरोखरच डोलत होती. एका निवृत्त गृहस्थांचा अंगठा चपलेत वरखाली होत होता. एका बाईंची जोडवी ठेक्यावर चमकत होती. एक परकरी पोर तर अख्खे पायच झुलवत होती. मधेच एक दणकेबाज गाणं सुरू झालं, सगळं पटांगण हलू लागलं, आणि ऐन भरात मास्तरांनी दोन्ही हात तारांवरून उचलून घेतले.

ड्रम्स वाजत होते. कीबोर्ड वाजत होता. गायिका गात होती. कोणी वर मान करूनही पाहिलं नाही. पण पावलं थांबली. आधी अंगठा थांबला, मग जोडवी, मग ते झुलणारे छोटे पाय. निवृत्त गृहस्थ वाकून खुर्चीखाली काही पडलंय का पाहू लागले. कडव्याच्या शेवटी मास्तरांनी एकच बोट खर्जाच्या तारेवर टेकवलं, आणि सगळी पावलं पुन्हा चालू झाली. शिष्याला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

कार्यक्रम संपल्यावर मालक घाईघाईने आले. "मास्तर, मधे काय बिघडलं होतं हो? सगळे वाजवत होते, पण गाणं एकदम पोकळ झालं."

"काही नाही," मास्तर म्हणाले, "बेस थांबला होता."

मालकांनी शिष्याकडे पाहिलं. "अरे, तुझा हात कधी बरा होतोय? लवकर ये बाबा." एवढं बोलून ते सतरंज्या गोळा करायला पळाले.

फराळाची बशी पुढ्यात घेऊन गुरुशिष्य पायऱ्यांवर बसले. मास्तर म्हणाले, "गिटारीच्या मानेवरच्या पडद्याशी, त्या आडव्या पट्टीशी, तार टेकली की स्वर निघतो. तिथून पुढे लावलेला जोर संगीतात जात नाही, तो नुसता लाकडाला जातो आणि तुझ्या मनगटाला परत येतो. हे तुला मी पूर्वीच शिकवलं होतं. तरी तू आवळत होतास, कारण तो जोर तारेसाठी नव्हताच. तो माणसांसाठी होता. मला ऐका, मला ऐका, असं तू हाताने ओरडत होतास. माणसं तर तुला पहिल्यापासून ऐकत होती बाळा, फक्त त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं."

"पण मास्तर, रियाजात दुखतं ते?"

"थकणं वेगळं, दुखणं वेगळं. थकलेला हात झोप झाली की ताजा होतो. मुंग्या येणारा हात काहीतरी सांगत असतो. तार उतरली तर तू काय करतोस? थांबून जुळवतोस. की बेसूर तारच आणखी जोरात वाजवतोस? मग हाताशीच एवढा अन्याय का?"

शिष्याने डावा हात मांडीवर मोकळा सोडला आणि उजव्या हाताने चकली उचलली.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तेव्हा तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. सांगितलेले व्यायाम करून, गिटार पोटाशी बांधून तो तालमीला उभा राहिला. ड्रम्स दणाणले, त्याचा आवाज त्यात बुडाला आणि जुन्या सवयीने त्याची मूठ आवळू लागली. त्याने हात थांबवला. घसा साफ केला. आजवर ज्याची त्याला कधी हिंमत झाली नव्हती, ते तो चारचौघांत बोलला.

"ताई, मला माझं ऐकू येत नाहीये. आवाज थोडा वाढवू का?"

गायिकेने वळून पाहिलं. "अरे, वाढव की! आम्हालाही कुठे येतोय? मला वाटायचं, तुला असाच आवडतो."

सगळे हसले, तोही हसला. त्याने बटण किंचित फिरवलं आणि बोट तारेवर नुसतं टेकवलं. स्वर भरदार निघाला. आपण किती हलकं वाजवू शकतो, हे त्याला त्या दिवशी प्रथम कळलं.

आपणही घरीदारी कुठेकुठे असेच मुठी आवळून उभे असतो. एकदा तोंडाने विचारून पाहायला हरकत नाही.