डब्याने वाजवलेला मुलतानी

एकदा एका गावात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, एक वृद्ध गृहस्थ वाद्ये घडवायला शिकवीत असत. लाकूड नाही, भोपळा नाही, तारसुद्धा नाही. संगणकाच्या पडद्यावर लहान लहान चौकटी मांडायच्या आणि रेघा ओढून त्या एकमेकींना जोडायच्या. एक चौकट सूर काढते, दुसरी त्याला घुमारा देते, तिसरी त्याची धार कमी करते. पाटाचे पाणी जसे वळवावे तिकडे जाते, तसा आवाज रेघ जाईल तिकडे जातो. ज्याला जसे वाद्य हवे तसे त्याने मांडून घ्यावे. गावकरी या विद्येला 'वायरिंगचा क्लास' म्हणत आणि अधूनमधून कोणी बंद पडलेला पंखा घेऊन वर येई. वृद्ध पंखाही दुरुस्त करून देत. त्यांना सगळे अण्णा म्हणत.

अण्णांचा एक शिष्य फार हुशार होता. हुशार माणसाला एक चौकट पुरत असेल तिथे तो चार मांडतो. याचेही तसेच होते.

त्याच गावात दिलरुबा वाजवणाऱ्या एक बाई राहत. रोज तिसऱ्या प्रहरी मुलतानी राग वाजवायचा, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. कंपवाताने डावा हात थरथरू लागला, तेव्हा त्यांनी दिलरुबा गवसणीत घालून भिंतीला टेकवला, तो टेकवलाच. त्यानंतर त्या वेळी बाई खिडकीशी बसून रस्त्याकडे पाहत. रस्त्यावर पाहण्यासारखे काही नव्हते.

अण्णा एकदा भेटायला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "एकदा मुलतानी हाताला लागू दे अण्णा. मग हा हात राहिला काय, गेला काय."

अण्णांनी ते काम शिष्यावर सोपवले.

शिष्याने झोकून देऊन काम केले. बोट सरकवून वाजवायची एक लांब पट्टी त्याने तयार केली. ती टेबलावर ठेवायची, दाब पडला की आवाज येई. पडद्यावर त्याने एक चौकट मांडली, जी हाताची थरथर गाळून टाकी. दुसरी अशी, की बोट कुठेही पडो, सूर जवळच्या नेमक्या जागी ओढला जाई. पण त्यामुळे दोन सुरांना जोडणारी मींड तुटू लागली. तीव्र मध्यमावरून गंधारावर ओघळत यायचे, ते जिना उतरल्यासारखे ऐकू येई. म्हणून तिसरी चौकट आली. मींड आता वाद्यच घेई. मुलतानीचा गंधार पेटीच्या गंधाराहून उतरलेला असतो, त्याचीही व्यवस्था चौथ्या चौकटीत झाली. चूक होण्याची एकही वाट शिष्याने उघडी ठेवली नाही.

वाद्य घेऊन तो बाईंकडे गेला. बाईंनी थरथरते बोट पट्टीवर ठेवले आणि खोलीत निर्दोष मुलतानी उमटला. शिष्याचे डोळे भरून आले. बाईंनी थोडा वेळ वाजवले. मग बोट उचलले आणि पट्टीकडे पाहत राहिल्या.

"छान झालंय रे," त्या म्हणाल्या. "फार कष्ट घेतलेस. थांब, चहा ठेवते."

'चहा ठेवते' या शब्दांनी आपल्याकडे पाहुण्याचे स्वागत होते, तसाच विषयही संपतो. शिष्याला त्यातला स्वागताचा भाग तेवढा कळला.

काही दिवसांनी तो पुन्हा गेला, तेव्हा वाद्यावर क्रोशाचा रुमाल पसरलेला होता आणि रुमालावर औषधांच्या बाटल्या मांडलेल्या होत्या. ज्या वस्तूवर क्रोशाचा रुमाल पडतो, ती सेवानिवृत्त झाली असे समजावे. बाई खिडकीशी बसल्या होत्या.

"बिघडलं का मावशी?"

"नाही रे बाळा, उत्तम आहे. चहा घेणार ना?"

शिष्य वाद्य घेऊन माडीवर परतला तो धुसफुसतच. "अण्णा, त्यांना ते वापरायचंच नाही. या वयात नवीन काही नको असतं माणसांना."

अण्णांचेही वय तेच होते. ते एवढेच म्हणाले, "जोड ते इथे."

दुपारची वेळ होती. खाली कोणाचे तरी दळण पडले आणि गिरणी सुरू झाली. माडीची फळी नेहमीप्रमाणे हादरू लागली. अण्णांनी आपला जेवणाचा डबा पिशवीतून काढला आणि उघडण्याऐवजी तो सरळ वाद्याच्या पट्टीवर ठेवला.

"अण्णा, पट्टी नाजूक आहे!"

"ऐक."

गिरणीच्या हादऱ्यांनी डबा थरथरत होता आणि पट्टीवरून हळूहळू सरकत होता. माडीवर मुलतानी उमटू लागला. एकही सूर ढळेना.

"डब्याचा हात तयार आहे," अण्णा म्हणाले. "कोणाकडे शिकला रे?"

शिष्य हसला. तेवढ्यात डबा मध्यमावरून घसरला आणि गंधारावर मींड ओघळली. बाईंच्या घरी ओघळली होती तीच, तितकीच सुंदर. शिष्याचे हसू तिथेच थांबले.

अण्णांनी डबा उचलून बाजूला ठेवला. "बाईंनी त्या दिवशी जे ऐकलं, ते तू आज ऐकलंस. आपण नसलो तरी हे असंच वाजेल, हे त्यांना पहिल्याच मींडेत कळलं. चुकायला जागाच ठेवली नाहीस, तर बरोबर येण्यात त्यांचं काय राहिलं? त्यांनी तुझ्याकडे मुलतानी ऐकायला मागितला नव्हता. ऐकायला गावात रेडिओ पुष्कळ आहेत."

शिष्याने पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हणजे सगळं काढून टाकू? त्यांची थरथर त्यांनाच ऐकवू? हा तर क्रूरपणा झाला, अण्णा."

"थरथर त्या रोज बघतात. पाण्याचा पेला उचलताना बघतात. ती त्यांच्यापासून तू काय लपवणार? आणि मदत काढ असं मी कुठं म्हणालो? मदतीची खुंटी त्यांच्या उजव्या हाताशी दे. किती घ्यायची ते त्या पिळून ठरवतील. दिलरुब्याच्या खुंट्या त्यांच्यासाठी दुसरा कोणी पिळत होता का?"

शिष्य पडद्यासमोर बसला. त्याने एकही चौकट पुसली नाही. चौकटींकडे जाणारी रेघ तेवढी त्याने एका खुंटीतून वळवून घेतली आणि पट्टीच्या उजव्या टोकाला ती खुंटी बसवली.

तिसऱ्या खेपेला बाईंनी नाइलाजाने टेबलावरच्या बाटल्या हलवल्या. "आता हे काय आणखी?"

"खुंटी आहे मावशी. उजवीकडे पिळली की वाद्य सांभाळून घेतं. डावीकडे पिळली की ते मधे बोलत नाही."

"अगदी डावीकडे?"

"तिकडे सगळं ऐकू येतं." शिष्य अडखळला. "हातसुद्धा."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि खुंटी पार डावीकडे पिळली. बोट ठेवले. वाऱ्यात हलणाऱ्या पत्र्यासारखा आवाज निघाला.

"कान झाक रे," त्या म्हणाल्या.

त्यांनी खुंटी किंचित उजवीकडे आणली. पुन्हा वाजवून पाहिले. आणखी किंचित आणली. मग त्यातली थोडी परत घेतली. "हं. एवढी पुरे. बाकी माझं मी बघते."

गंधार चढा लागला. "शी!" पुन्हा मध्यमावरून निघाल्या. "खाली ये मेल्या, अजून खाली," असे त्या बोटाला म्हणत होत्या, आणि त्या स्वरात इतक्या महिन्यांचा उदासपणा नव्हता. आवडत्या शिष्याला रागे भरताना असते ती धार होती. खिडकीतले ऊन भिंतीवरून गवसणीपर्यंत आले. एका खेपेला मींड ओघळली आणि गंधारावर टेकताना जराशी कापली. तो गंधार बरोबर होता की नाही, हे शिष्याला ठरवता आले नाही. बाईंनी ठरवले. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि पुन्हा षड्जापासून सुरुवात केली.

शिष्य माडीवर परतला, तेव्हा गिरणी चालूच होती.

"काय झालं?" अण्णांनी विचारले.

"अण्णा, त्यांनी आज मला चहासुद्धा विचारला नाही. मी उठून आलो तेही त्यांना कळलं नाही."

 अण्णांनी डबा पुढे ओढला आणि त्याचे झाकण काढले.

"हात धुऊन ये," ते म्हणाले. "आज दोघं मिळून जेवू."