मागे न हटणारा माणूस

"माझ्या सिनेमामुळे तो मेला का? एवढंच सांगा, माष."

केशव पोदुवाळ ओसरीवरच्या आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. समोर नदी होती. म्हणजे नदीचं पात्र होतं. वाळू उपसून उपसून खड्डे पडलेलं, आणि मधून वाहणारी एक बारीक, गढूळ धार.

विचारणारा सिबी कुरुविला. इडुक्कीच्या डोंगरात, वेलचीच्या मळ्यांत वाढलेला. सिनेमा तो पोदुवाळांच्या हाताखाली शिकला. माष म्हणजे मास्तर. सगळेच त्यांना तसं म्हणत.

मल्याळी सिनेमात माणसाची आणि निसर्गाची झुंज नवी नाही. कुणी समुद्राशी भिडतो, कुणी पुराशी, कुणी रानडुकराशी. आणि जो भिडतो तोच पुरुष. माषनीही ऐन उमेदीत असे सिनेमे केले, नाव मिळवलं. मग एकाएकी थांबले. का थांबले, ते कुणाला सांगितलं नाही.

सिबी त्याच वाटेने निघाला. त्याच्या पहिल्याच सिनेमात जंगलाकाठच्या एका शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत हत्ती शिरतो. सगळं गाव पळतं. तो पळत नाही. पेटता पलिता घेऊन तो हत्तीसमोर उभा राहतो, नजर रोखतो, आणि अखेर हत्ती मागे फिरतो.

सिनेमा लागण्याआधी सिबी तो लॅपटॉपवर घेऊन माषकडे आला होता. शाबासकी मिळणार याची त्याला खात्रीच होती.

माषनी सगळा सिनेमा मुकाट्याने पाहिला. शेवटचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि पडद्यावर नायक उभा होता तिथे तळहात ठेवला.

उरलेल्या अर्ध्या पडद्यावर हत्ती केळीचा खांब सोलून खात होता. मधूनच कान हलवत होता.

"आता काय दिसतं?"

"काहीच नाही, माष. हत्ती खातोय."

"हं..."

एवढंच बोलून त्यांनी हात काढून घेतला. सिबीला राग आला. म्हाताऱ्याला आताचा सिनेमा कळत नाही, असं त्याने गाडीत बसता बसता मित्राला बोलून दाखवलं, आणि प्रसंग होता तसाच ठेवला.

सिनेमा तुफान चालला. हत्ती मागे फिरतो तिथे शिट्ट्यांनी थिएटर दणाणून जाई.

पावसाळा सरला. वायनाडमधल्या एका गावात सकाळच्या धुक्यातून एक हत्ती खाली उतरला. लोकांनी दारं लावून घेतली. वनखात्याची माणसं वाटेवरच होती. पण बिनीष नावाचा एक तरुण, रबराच्या मळ्यात कामाला जाणारा, पलिता पेटवून पुढे गेला. आपला मोबाइल त्याने मित्राच्या हातात दिला होता, सगळं टिपून घ्यायला.

तो छाती काढून हत्तीसमोर उभा राहिला.

हत्ती मागे फिरला नाही.

मित्राने टिपलेलं ते दृश्य घरोघर पोचलं, सिबीपर्यंतही. बिनीषची उभं राहण्याची ढब त्याने पाहताक्षणी ओळखली. एक पाय पुढे, मान किंचित तिरकी. ती त्यानेच आपल्या नटाला शिकवली होती.

त्यानंतर त्याला झोप येईना. एक दिवस तो त्या गावी गेला.

"शिव्या खायला गेलो होतो, माष. वाटलं, त्याचा बाप मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं."

बापाने मारलं नाही. त्याने खुर्ची पुसून दिली. शेजारपाजाऱ्यांना बोलावून आणलं, पाहुणा कोण ते सांगितलं. नाक्यावर गावाने बिनीषचा मोठा फलक लावला होता, तो दाखवायला घेऊन गेला. वनखात्याने पकडलेला तो हत्ती आता लाकडी ओंडक्यांच्या पिंजऱ्यात कसा मुकाट उभा असतो, लोक त्याला बघायला कसे जातात, तेही सांगितलं. मग सिबीचे दोन्ही हात धरून म्हणाला, "माझा मुलगा मागे हटला नाही, सर."

सिबी निघाला तेव्हा बिनीषची आई दारापर्यंत आली. तोवर ती बाहेर आली नव्हती.

तिने एकच विचारलं.

"तुमच्या सिनेमातला तो माणूस... शेवटी घरी येतो ना?"

"येतो," सिबी म्हणाला.

तिने मान हलवली आणि ती आत गेली.

एवढं सांगून सिबी थांबला. खाली पात्रात वाळूने भरलेला एक ट्रक घरघरत काठावर चढला आणि दिसेनासा झाला.

माषनी विचारलं, "ही गोष्ट तुला कुठून मिळाली?"

सिबीने मान फिरवली.

"कुठून मिळाली?"

"घरातून. आमच्या बागेत हत्ती आला होता. मी तेव्हा आईच्या पोटात होतो."

"मग? तुझा बाप उभा राहिला?"

सिबीने मान खाली घातली.

"राहिला?"

"नाही." सिबी म्हणाला. "पलिता टाकून ते घरात पळत आले. कडी लावली. आईला जवळ घेऊन कोपऱ्यात बसून राहिले. हत्तीने सगळी बाग संपवली."

मग त्याने उरलेलंही सांगून टाकलं. त्या दिवसापासून डोंगरावर त्याच्या बापाचं नाव पडलं कडीवाला कुरुविला. ताडीच्या दुकानात तो शिरला की कुणीतरी हवेतच कडी लावून दाखवी. चर्चच्या पायरीवर बायकासुद्धा तोंडाला पदर लावीत. शाळेत सिबीने त्या नावापायी मारामाऱ्या केल्या. सिनेमा काढायचा ठरलं तेव्हाच त्याने मनाशी घेतलं होतं की पडद्यावर तरी बाप मागे हटणार नाही.

"कधी गेला तुझा बाप?"

"सिनेमा लागायच्या आधी. थकले होते खूप. झोपेतच गेले." सिबीने डोळे पुसले. "पण मरेपर्यंत लोक त्यांना हसले, माष. जन्मभर हसले."

माषनी डोळे उघडले. ते सिबीकडे वळले.

"हसले... आणि ते ऐकायला तो होता."