जंगलाचं दार

पेट्यांमधले सुटे भाग आपसात बोलत असत, तेव्हाची गोष्ट. शर्वाणीने जुने भाग जमवून खेळासाठी संगणक जोडला. पुरेशा पैशांअभावी खेळातली चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्डही वापरलेलंच घेतलं.

पडद्याची केबल मात्र म्हाताऱ्या मदरबोर्डने धरून ठेवली. "पोरी," तो कार्डाला म्हणाला, "या घरातली चित्रं माझ्याच दारातून जातात."

"आजोबा, तुम्हाला खेळातलं जंगल पेलत नाही. मला द्या!" कार्ड म्हणालं.

"आधी चार वर्षं माझं काम बघ."

पडद्यावर हरणं हवेतच थिजत होती. "कार्ड बिघडलेलंय, परत करते," शर्वाणी उसासली.

ते ऐकून केबलने हिसडा देऊन स्वतःला सोडवलं. उचलायला वाकलेल्या शर्वाणीला कार्डावरची केबलची रिकामी जागा दिसली. तिने केबल तिथे लावली. निळं जंगल पडदाभर वाहू लागलं.

"इतकं सुंदर काही माझ्या घरात होतं?" म्हातारा पुटपुटला.

"होतं," कार्ड म्हणालं. "गप्प बसवलेलं होतं."