चंद्र, शुक्र आणि गुरूची सांज

खूप मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं ऐकूनही घेत.

डोंगरातल्या एका खेड्यात दोघी बहिणी राहत. थोरलीचं घर ओढ्याच्या अलीकडे, धाकटीचं पलीकडे. दोघींचं भांडण झालं होतं आईच्या गाईवरून. गाय केव्हाच म्हातारी होऊन मेली. भांडण मात्र धडधाकट राहिलं.

त्या खेड्याची एक रीत होती. मावळतीला चंद्रकोर, शुक्र आणि गुरू एकमेकांजवळ दिसले, की रुसलेल्यांनी ओढ्याकाठच्या खडकावर यायचं, एकमेकांना गूळ भरवायचा आणि भांडण विसरायचं. इतर दिवशी केलेला समेट टिकत नाही, असं सगळे मानत. तोवर रुसलेल्यांपुढे एकमेकांचं नावही कुणी काढायचं नाही. का? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रीत म्हटली की असं विचारायचं नसतं!

थोरलीचा जीव धाकटीसाठी तुटायचा. पण तो योग काही रोज येत नाही. एकदा आला, तेव्हा आभाळ भरून होतं. पुढच्या वेळी ती तापाने फणफणली होती. "येऊ दे योग, मग भेटेन," म्हणता म्हणता केस पिकले.

शेवटी एका निरभ्र सांजेला योग आला. कोवळी चंद्रकोर, शेजारी शुक्र, जरा वर गुरू. थोरली पदरात गूळ बांधून खडकावर जाऊन बसली. आज बहीण परत मिळणार, या आनंदात तिला धड बसवेना.

शुक्र डोंगराला टेकायला आला, तरी धाकटी आली नाही. थोरलीला आधी रडू आलं, मग राग.

"केवढा हा ताठा!" ती काठावरच्या टिटवीला म्हणाली. "आभाळातले बघ कसे जवळ आलेत. हिला मात्र यायला नको!"

"कुठे जवळ आलेत?" टिटवी म्हणाली. "मी पंख दुखेपर्यंत वर उडून पाहिलंय, बाई. त्यांच्यातल्या अंतराचा थांगच लागत नाही. इथून जवळ दिसतात, एवढंच. तुमच्यामध्ये तर नुसता ओढा आहे, आणि त्यात गुडघाभरसुद्धा पाणी नाही."

थोरली खडकावरून उठली. मग लुगडं वर खोचून ओढ्यात उतरली.

धाकटी दारातच बसली होती. पावलं ऐकून तिने विचारलं, "कोण आहे?"

"मी गं."

धाकटी धडपडत उठली, चाचपडत पुढे आली आणि थोरलीच्या तोंडावरून हात फिरवू लागली.

"अक्का! आज ती सांज आहे होय? माझे डोळे गेले गं. मला आभाळ कुठलं दिसायला? रोज दिवस मावळला की दारात बसते. म्हटलं, आज असेल तर तू येशील."

"मग मला हाक का नाही मारलीस?"

"तू तरी कुठे मारलीस?"

थोरलीने पदराची गाठ सोडली. तिने बहिणीला गूळ भरवला आणि दोघी पोटभर रडल्या. पुढे त्या एकाच घरात राहिल्या, सुखाने राहिल्या. पण ज्या चेहऱ्याची धाकटीने इतकी वर्षं वाट पाहिली, तो तिला पुन्हा कधीच दिसला नाही.

बोध: आपल्या माणसाकडे जायला मुहूर्ताची वाट पाहू नये, वाट पाहण्यात गेलेले दिवस समेट झाला तरी परत मिळत नाहीत.