बऱ्हाटे सरांचं थांबणं

"...पण सर, त्या थांबण्यात तुम्ही मनात काय म्हणायचात?"

हेमराज हे तिसऱ्यांदा विचारत होता.

सुपडू बऱ्हाटे सर अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची राखण करत बसले होते. हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. एके काळी बेसबॉलच्या मैदानावर या माणसाचा चेंडू खेळायचा म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

चेंडू टाकण्याआधी सर दोन्ही हात छातीशी धरून थांबत. त्या थांबण्याच्या गोष्टी खानदेशात अजून रंगवून सांगतात. कोणी म्हणे ते मंत्र जपतात, कोणी म्हणे श्वास कोंडतात.

हेमराजही चेंडू टाकणाराच. सरांची तिरकी टोपी, सरांची चाल, सगळं त्याने उचललं होतं. थांबणंही. आठ वर्षं तो मनात तीन आकडे मोजून मगच चेंडू टाकत आला होता. अडीचला सोडला तर त्याला पाप वाटायचं.

"उद्या राज्याच्या संघाची निवड आहे," तो म्हणाला. "माझी तिसरी खेप. आता नाही झालं तर घरचे पुन्हा जाऊ देणार नाहीत. आणि प्रशिक्षक म्हणतात, ते थांबणं सोड, नाहीतर येऊच नकोस."

"का?"

"मी तीन मोजेपर्यंत बेसवर उभे असलेले समोरच्या संघाचे गडी पुढच्या बेसकडे पळत सुटतात. त्यांनाही माझे आकडे पाठ झालेत. गेल्या वर्षीचा अंतिम सामना त्यातच गेला."

"मग सोड."

"तुमचं आहे ते, सर! खेळ सोडीन एक वेळ, ते कसं सोडू?"

सरांनी काठी आपटून एक कावळा हाकलला.

"मनात काय म्हणायचो, सांगू? 'यशवंता, बोटं नीट दाखव रे!'"

"यशवंत कोण?"

"माझा कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून खूण करायचा. एक बोट म्हणजे वेगाचा चेंडू, दोन म्हणजे वळणारा. मला लांबचं दिसत नव्हतं, भो. सांगितलं असतं तर संघातून काढलं असतं. मग बघत राहायचो. एक की दोन... एक की दोन... कधी चटकन दिसायचं, कधी दिसता दिसत नसे. पुढे तो बिचारा नखांना चुना लावून बसायला लागला."

हेमराजला हसू आलं नाही. त्याला रडू येत होतं, आणि सरांचा रागही.

"म्हणजे त्यात काहीच नव्हतं?"

"होतं की. भीती होती. त्याने एक सांगितला आणि मी दुसराच टाकला, तर यशवंताचं तोंड फुटलं असतं."

हेमराजने खांद्यावरची पिशवी काढून बाजेपाशी ठेवली.

"चहा घेतोस?"

"सर, मी उद्या काय करू?"

सरांनी काठी बाजेला टेकवली. हेमराजच्या पिशवीतला हातमोजा काढून चढवला, आणि चालत अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीपाशी गेले. गुडघ्यांवर हात देत, कण्हत, उकिडवे बसले.

मग दोन बोटं पुढे धरली.

हेमराजने चेंडू घेतला. ज्याची चित्रं त्याने भिंतीवर लावली होती, तो माणूस त्याचा चेंडू झेलायला बसला होता. त्याने दोन्ही हात छातीशी आणले, आणि सवयीने थांबला.

एक... दोन...

"किती बोटं दिसतात रे?" सरांनी तिथून हाक दिली.

"दोन, सर. स्पष्ट दिसतात."

"मग थांबलास कशाला?"