शून्य उंचीची लाट

"चूक तिची की माझी, बाई? एवढंच सांगा."

मिहीर गवाणकर दारातच उभा होता. हातात उघडा लॅपटॉप. चपला काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

सुलभाबाई तांडेल ओटीवर कुळीथ निवडत बसल्या होत्या. त्यांची सगळी नोकरी समुद्राच्या लाटा मोजण्यात गेली होती. त्यांनी लिहिलेला लाटांचा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला होता. कोणीही फुकट वापरावा, कोणीही सुधारावा. ठिकठिकाणची कॉलेजातली मुलं त्यात भर घालत. कोणाची भर आत घ्यायची आणि कोणाची परत पाठवायची, हे ठरवायचा अधिकार बाईंनी गेल्या वर्षी मिहीरला दिला होता. नव्या मुलांना शिकवायचं कामही त्याच्याकडेच होतं.

"माझ्याकडे कोणाचं काम अडून राहत नाही," असं तो चारचौघांत सांगत असे.

"नीट सांग. काय झालं?" बाई म्हणाल्या.

"खोल पाण्यात आपला लाट मोजायचा बोया आहे ना, तो सकाळपासून गप्प आहे. आकडाच पाठवत नाही. आणि प्रोग्रॅम... न आलेला आकडा प्रोग्रॅम शून्य धरतोय. बंदरावरच्या फलकावर सकाळपासून तेच दिसतंय. लाटेची उंची शून्य."

बाईंचा हात सुपातच थांबला.

"तो कोड रुबीनाचा आहे. रुबीना मुकादम, कराडची, दुसऱ्या वर्षाला आहे. मी फक्त आत घेतला. म्हणून विचारतोय, चूक नक्की..."

"होड्या बाहेर गेल्यात?"

मिहीर पडद्यावर काहीतरी शोधू लागला.

"मिहीर, होड्या गेल्यात का?"

"माहीत नाही."

बाईंनी सूप बाजूला सारलं आणि मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला.

"जनार्दन, फलकावरचा आकडा खोटा आहे. बाहेर किती लाट आहे, आम्हाला कळत नाहीये. वायरलेसवरून सगळ्यांना माघारी बोलाव... हो. चूक आमची. आधी त्यांना बोलाव, मग मला काय बोलायचं ते बोल."

फोन ठेवून त्या मिहीरला म्हणाल्या, "फलक बंद कर."

तो तिथेच जमिनीवर बसला. पासवर्ड दोनदा चुकला. शेवटी फलक बंद झाला.

मग वाट पाहण्याखेरीज काही उरलं नाही.

ओटीवरून समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. दुपारी तो असा वाजत नसे. की रोज असाच वाजायचा आणि आपलंच कधी लक्ष गेलं नाही? मिहीरला ठरवता येईना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तो टाइप करू लागला.

"काय लिहितोयस?"

"जाहीर सूचना. प्रोग्रॅमच्या पानावर टाकायला."

"वाच."

"'एका नव्या विद्यार्थिनीच्या कोडमधील त्रुटीमुळे...'"

"थांब. कोड पाठवताना तिनं सोबत काही लिहिलं होतं?"

मिहीरनं जुनं पान उघडलं. वाचता वाचता त्याचा आवाज खाली गेला.

"'सर, बोया बंद पडला तर काय धरायचं ते मला कळत नाही. सध्या शून्य धरलंय. बरोबर आहे का?'"

"आणि तू काय उत्तर दिलंस?"

त्यानं लॅपटॉप बाईंकडे वळवला. प्रश्नाच्या खाली एक छोटासा पिवळा अंगठा होता. दुसरं काही नव्हतं.

बाईंनी त्या अंगठ्यावर बोट ठेवलं.

"तिनं विचारलं. तू अंगठा दाखवलास."

मिहीरनं लिहिलेली ओळ पुसून टाकली.

फोन वाजला. बाईंनी ऐकून घेतलं आणि ठेवला.

"सगळ्या वळल्यात. एक सोडून. चोगल्यांची होडी. बापलेक आहेत तिच्यावर. वायरलेस लागत नाहीये."

"लागत नाही म्हणजे..."

"म्हणजे लागत नाही. चल."

दोघं धक्क्यावर गेली. तिथे माणसं जमली होती. आलेल्या होड्या किनाऱ्याला जोरानं हेलकावत होत्या. पाणी धक्क्यावर चढून पायांखालून परत जात होतं. एक बाई टोकाला एकटी उभी होती. सगळे तिच्यापासून थोडे लांब होते, त्यावरून मिहीरला कळलं, चोगल्यांच्या घरची ती हीच.

तिनं त्याच्या हातातल्या लॅपटॉपकडे पाहिलं.

"सोसायटीचा का रे तू?"

"नाही, मावशी." खोटं बोलणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. "तो फलक... तो आमचा. मी नीट तपासलं नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिनं शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती जरा बाजूला सरकली, त्याला उभं राहता येईल एवढी. मग पुन्हा पाण्याकडे पाहू लागली.

दिवस कलला. कोणीतरी "ती बघा" म्हणालं. मग "नाही, ती नव्हे" म्हणालं. मिहीर प्रत्येक हाकेला टाचा उंचावून पाहत राहिला.

होडी आली ती अर्धी पाण्यानं भरलेली. मुलगा डब्यानं पाणी उपसत होता. बाप सुकाणू धरून होता. दोर टाकला, तसे चार जण धावले. मिहीरही धावला.

"जाळं कापून आलो," बाप म्हणाला. एवढंच. त्याच्या बायकोनं मुलाच्या अंगावर आपली शाल टाकली आणि ती दोघांना घेऊन गेली. मागे वळून पाहिलं नाही.

गर्दी पांगली. मिहीर एका पालथ्या क्रेटवर बसला.

"सुटलो, बाई," तो म्हणाला.

थोड्या वेळानं तो पुन्हा बोलला, या खेपेला हळू. "सगळे आले. मग आता... ते जाहीर लिहायलाच हवं का? मी दुरुस्त करून ठेवतो. रुबीनाचीही बदनामी नको."

"आपला प्रोग्रॅम आणखी कुठल्या बंदरांवर चालतो?"

"ते कसं कळणार? खुला आहे. कोणीही उतरवून घेतं, आपल्याला..."

तो मध्येच थांबला.

बाई दक्षिणेकडे पाहत होत्या. किनारा तिकडे अंधुक होत गेला होता. मिहीरही तिकडे पाहू लागला. त्यानं कधी न पाहिलेले धक्के, कधी नाव न ऐकलेली माणसं.

त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला. सूचना लिहिली. काय बिघडलंय, काय ताबडतोब बंद करायचं. शेवटी लिहिलं, 'हा कोड मी न वाचता स्वीकारला. विद्यार्थिनीनं शंका विचारली होती, मी उत्तर दिलं नाही. मिहीर गवाणकर.' बाईंना न दाखवताच त्यानं ती सगळ्यांसाठी टाकली.

थोड्याच वेळात त्याचा फोन थरथरला. रुबीना होती.

"सर, मी वाचलं." ती रडत होती. "माझं नाव काढून टाका. सगळीकडून. मी पुन्हा कोड लिहिणार नाही. कोणाला काही झालं असतं तर..."

मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. तिनं फोन ठेवला नव्हता.

मिहीरनं फोनवर तळवा धरला आणि बाईंकडे पाहिलं. त्याचा चेहरा दुपारी दारात होता त्याहून उतरला होता.

"बाई, ही पोरगी सोडून चाललीय. काय सांगू तिला?"

"सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "विचार तिला, बोया गप्प झाला तर काय धरायचं."