माकड, गवा आणि कापलेली फीत

डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका जंगलात एक माकड राहत असे, आणि हसवणे हा त्याचा धंदा होता. मुलांनो, तुम्ही म्हणाल, त्यात काय, सगळीच माकडे हसवतात. पण हे माकड सिनेमात काम करून हसवत असे. त्या जंगलात सिनेमे निघत. हत्तीणबाई ते काढत असत. कॅमेऱ्यामागे बगळा असे, कारण एका पायावर न हलता उभे राहणे दुसऱ्या कुणाला जमत नसे. फीत दातांनी कापायची आणि डिंकाने जोडायची, हे काम खारीचे. तयार झालेला सिनेमा दिवेलागणीला पांढऱ्या कड्यावर दाखवत, आणि त्यासाठी लागणारा उजेड पोकळ भोपळ्यात बसलेले काजवे देत.

माकड या धंद्यात फार आधीपासून होते. ते चोर झाले होते, कोतवाल झाले होते, पानांचे लुगडे नेसून खाष्ट सासूसुद्धा झाले होते. चिखलात पडणे वेगळे, ओढ्यात पडणे वेगळे आणि झोपेत फांदीवरून पडणे आणखी वेगळे, हे जंगलाला त्यानेच दाखवले. गवा मात्र नट म्हणून आलाच नव्हता. तो ओंडके ओढायला आला होता. एकदा माकड घसरून डबक्यात पडले, आणि मागे चुकून उभ्या असलेल्या गव्याने सावकाश मान वळवली. त्याने माकडाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले आणि पुन्हा रवंथ करायला सुरुवात केली. बगळा कॅमेरा थांबवायचे विसरला. ते दृश्य कड्यावर आले तेव्हा जंगल इतके हसले की एक ससा हसता हसता बिळात गडगडला. त्या दिवसापासून हत्तीणबाईंच्या प्रत्येक सिनेमात माकड पडे आणि गवा पाही.

आता दोघे झाले म्हटल्यावर तुलना आलीच. रोज पाणवठ्यावर तीच चर्चा. कावळ्याचे म्हणणे असे, की माकडाला कुठलीही भूमिका द्या, ते करून दाखवेल; गव्याला एकच भूमिका येते, गव्याची. रानकोंबडीला हे सगळे मान्य होते. पण गव्याचा तो एकच चेहरा कड्यावर दिसला की तिला म्हणे पुढे दोन दिवस अंड्यावर गंभीरपणे बसता येत नसे. माकडाने किती सिनेमे केले आणि गव्याने किती, कोण आधी आले आणि कोण नंतर, यावर भांडणे होत आणि पाणी प्यायचे राहून जाई.

माकड जांभळीच्या पानांआड बसून हे ऐकत असे. गव्याची स्तुती त्याला एक वेळ सोसली असती. पण त्याच्या एक गोष्ट लक्षात आली होती, आणि ती त्याला रात्रंदिवस टोचत होती. त्याचे नाव निघाले की सगळे माना डोलावत. गव्याचे नाव निघाले की सगळे नुसत्या आठवणीने हसू लागत.

मग माकडाला गव्याचे काहीच बघवेना. गवा चरताना दिसला तरी ते म्हणे, बघा, चरण्यातसुद्धा काय तो दिखावा. गवा दिसला नाही तर म्हणे, आता मोठा झाला ना, कशाला दिसेल. एकदा ते डोहाच्या काठी बसून, पाण्यात स्वतःचे तोंड बघत, रिकामे जबडे सावकाश हलवत होते. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. त्याची माकडीण शेजारी कोवळी पाने निवडत होती. ती बोलायची कमी, पण बघायची बरेच.

"काय चघळताय?" तिने विचारले.

"काही नाही."

"तेच दिसतंय," ती म्हणाली आणि पुन्हा पाने निवडू लागली.

थोड्या वेळाने माकडाने तिलाच विचारले, की दोघांत चांगले काम कोण करते. कोणत्या प्रश्नाला खरे उत्तर हवे असते आणि कोणत्याला नको, हे नव्या नवरीला लवकर कळते. पण माकडीण अजून अगदीच नवी होती. ती म्हणाली, "तुम्ही पडता ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. मग तो गवा बघतो आणि गोळा जातो." माकडाने यातला फक्त गवा ऐकला. त्या दिवशी ते जेवले नाही.

त्यातच हत्तीणबाईंनी सांगितले, की यापुढच्या सिनेमात एकच नायक असेल. सिनेमा सुरू होताना मोर सगळ्यांच्या आधी त्याचे नाव पुकारेल, आणि त्या नावाला दुसरे नाव जोडलेले नसेल. जत्रेला नदीपलीकडच्या जंगलांतून पाहुणे यायचे होते. त्यांना दोघांचा नवा सिनेमा दाखवायचा आणि ते ज्याचे नाव घेतील तो नायक, असे ठरले. गवा म्हणाला, बरं. माकडाची मात्र झोप उडाली. पाहुण्यांनी गव्याचे नाव घेतले तर इतक्या वर्षांचे पडणे मातीत गेले, एवढेच त्याला दिसत होते.

हत्तीणबाई पाहुण्यांना बोलावणे करायला नदीपलीकडे गेल्या, आणि माकड खारीकडे आले. फीत फार लांब झाली आहे, असे त्याने सुरुवात केली. माझे पडणे कसे झटपट होते आणि पुढे किती तरी वेळ नुसते रवंथ चालते. पाहुण्यांना परत लांब जायचे असते. "गवा करतो काय, खारूताई? उभा राहतो. उभं राहायला जंगलात झाडं आहेत की."

खार म्हणाली, हत्तीणबाईंना विचारल्याशिवाय ती दात लावणार नाही.

"त्यांनीच सांगितलंय," माकड म्हणाले. एवढे एकच वाक्य खोटे होते. बाकीचे सगळे त्याला मनापासून खरे वाटत होते.

मग खारीने जिथे जिथे गवा मान वळवत होता तिथे तिथे फीत कापली आणि उरलेले तुकडे डिंकाने जोडले. कापलेले पुन्हा कुणी जोडू नये म्हणून माकडाने ते वारुळावर नेऊन वाळवीला घातले. परत येताना त्याला फार दिवसांनी भूक लागली.

जत्रेच्या दिवशी कड्यासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. गवाही सहकुटुंब आला होता. माकड एका दगडामागे कान टवकारून बसले. कड्यावर माकड चिखलात पडले. पाहुण्यांनी हसण्यासाठी तोंडे उघडली आणि ते थांबले. पडल्यानंतर काहीतरी यायला हवे, असे त्यांना वाटत राहिले. पण पुढच्या क्षणी माकड ओढ्यात पडले. त्यातून उठते न उठते तो ओंडक्यावरून पडले. उघडी तोंडे हळूहळू मिटली.

"लागलं असेल हो त्याला," एक सांबरीण शेजारणीला हळूच म्हणाली.

"लागेल नाही तर काय," म्हातारे साळिंदर म्हणाले. "आणि याच्याकडे बघणारंसुद्धा कुणी नाही का?"

दगडामागे माकडाला दबलेले आवाज ऐकू आले. पाहुणे हसू आवरताहेत, असे त्याला वाटले. कड्यावर माकड झोपेत फांदीवरून पडले तेव्हा ते आवाज वाढले, आणि माकडाने आनंदाने मान वर काढली. सगळी जत्रा मुसमुसत होती. गव्याने शेवटपर्यंत वाट पाहिली, मग तो बायकोला म्हणाला, "या वेळी मी नव्हतो वाटतं," आणि चरायला निघून गेला.

सिनेमा संपल्यावर पाहुण्यांनी माकडाला घेरले. कुणी रानहळद उगाळून आणली, कुणी पाठीवरून हात फिरवला. पलीकडे हत्तीणबाईंनी खारीला जाब विचारला, आणि खार बिचारी म्हणाली, "तुम्हीच कापायला सांगितलंय, असं माकडराव म्हणाले. तुकडेही तेच वारुळावर घेऊन गेले." हत्तीणबाई माकडाकडे आल्या. माकड स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघू लागले. त्या रागावल्या नाहीत. माकडाला वाटले, रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"पाहुण्यांनी नाव घेतलंय," त्या म्हणाल्या. "तुझंच. सगळ्यांनी एकमताने."

माकडाने चटकन मान वर केली.

"त्यांना तुझा रडका सिनेमा हवाय. म्हणाले, इतकं दुःखी माकड आम्ही कधी पाहिलं नव्हतं."

माकड चाचरत म्हणाले, की त्याला हसवता येते. हत्तीणबाई म्हणाल्या, येत असेल. पण हसवायला दोघे लागत होते, आणि त्यातला एक वाळवीने खाल्ला. नायक एकटा हवा होता, तसा एकटा झाला आहे.

मोराने नाव पुकारले, सगळ्यांच्या आधी आणि एकट्याचेच. माकड अनाथ झाले, लंगडे झाले, कळपाने टाकलेले झाले, आणि प्रत्येक वेळी जंगलाने डोळे पुसले. गवा ओंडके ओढायला परत गेला. त्याला वाईट वाटले का, हे सांगता येत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे.

पुढे एकदा वाटेत काही ससे खेळत होते. आजूबाजूला कुणी मोठे नाही असे बघून माकडाने त्यांच्यासमोर एक सुंदर घसरण घेतली, दोन कोलांट्या खाल्ल्या आणि बरोबर शेवाळावर जाऊन आपटले. इतके चांगले ते उमेदीतही पडले नव्हते. मग पडल्या पडल्या ते वाट बघू लागले. ससे धावत आले. त्यांनी त्याला हाताला धरून उठवले, पाठीवरचे शेवाळ झटकले, आणि त्यातल्या धाकट्याने हळूच विचारले, "फार लागलं का?"

तात्पर्य एवढेच : सोबत्याचा वाटा कापून टाकला म्हणून आपला वाढत नाही; मत्सराला हेच दिसत नाही, की आपलेही अर्धे त्याच्याच वाट्यात होते.